गोविंदपंत बुंदेल्यांचा ताळेबंद

जबलपूर शहरात ओमती या नावाची एक जुनी वस्ती आहे. ओमती हे मूळचे एका ओढ्याचे नाव. शहर वाढत गेले, तसा तो ओढा नाल्याच्या पदवीला पोहोचला, आणि पुढे त्याचे नाव तेवढे काठच्या वस्तीला उरले. या वस्तीच्या एका अंगाला जुने शहर आहे, तर दुसऱ्या अंगाला इंग्रजी अमदानीत उभी राहिलेली कचेऱ्यांची आणि बंगल्यांची वस्ती. ओमतीवरून जाताना नवख्या माणसाच्या कानांवर हिंदी आणि बुंदेली बोल पडतात. पण या शहरात मराठी बोलणारी घरेही काही थोडी नाहीत. ही माणसे येथे केव्हा आली, असे विचारले तर बहुतेक जण रेल्वेचे, सरकारी नोकरीचे किंवा जुन्या मध्यप्रांताचे नाव सांगतात. ते खोटे नाही. परंतु जबलपूर आणि मराठी माणूस यांचा संबंध त्याहून पुष्कळ जुना आहे, आणि तो जोडणारा धागा पानिपतच्या रणभूमीपर्यंत जाऊन पोहोचतो.

गढा-मंडल्याचे गोंड राज्य हे या भूमीचे जुने वैभव. राणी दुर्गावतीने १५६४ साली मोगली फौजेशी लढताना प्राण दिला, ती याच राज्याची राणी. १७४२ साली नानासाहेब पेशव्यांनी मंडल्यावर स्वारी केली. राजा महाराजशहा लढाईत पडला, आणि राज्यावर चौथाई बसली. पुढे १७८१ साली शेवटचा गोंड राजा नरहरशहा याला गादीवरून दूर करून सागरच्या मराठी कारभाऱ्यांनी ते राज्य आपल्या सुभ्यास जोडले, आणि या नव्या मुलुखाच्या कारभारासाठी ठिकाण निवडले ते जबलपूर. म्हणजे हे शहर कारभाराचे मुख्य ठाणे बनले ते प्रथम मराठ्यांच्या हातून. इंग्रज आले ते त्यानंतर छत्तीस वर्षांनी.

हे सागर जबलपूरच्या वायव्येस सुमारे शंभर मैलांवर आहे. तेथे मराठी सत्तेचे मूळ ज्याने रोवले, त्या पुरुषाचे नाव गोविंद बल्लाळ खेर. इतिहास त्याला गोविंदपंत बुंदेले म्हणून ओळखतो. आजच्या भाषणाचा विषय तोच आहे.

महाराष्ट्राला गोविंदपंत माहीत आहेत ते एकाच प्रसंगाने. पानिपतच्या लढाईपूर्वी थोडेच दिवस शत्रूने त्यांचे शिर कापले, एवढे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. ज्यांनी थोडे अधिक वाचले आहे त्यांच्या मनात या नावाला एक डाग चिकटलेला असतो. भाऊसाहेबांनी पैसा मागितला तो त्यांनी दिला नाही, नावा मागितल्या त्या जमवल्या नाहीत, सुजाउद्दौल्याला अडवायला सांगितले ते त्यांच्याने झाले नाही, आणि म्हणून पानिपत झाले, असा तो आरोप आहे. १८९८ साली इतिहासाचार्य राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. त्यात पानिपतच्या काळातली अस्सल पत्रे होती, आणि त्यांतील कितीतरी गोविंदपंतांशी झालेल्या पत्रव्यवहाराची होती. त्या खंडाच्या प्रस्तावनेत राजवाड्यांनी गोविंदपंतांवर जो ठपका ठेवला, तो पुढे पिढ्यान्‌पिढ्या टिकला. राजवाड्यांसारख्या अधिकारी पुरुषाने दिलेला निकाल सहजासहजी कोण फिरवणार?

परंतु निकाल कितीही मोठ्या माणसाने दिलेला असो, पुरावा पुन्हा तपासण्याचा हक्क इतिहास कोणाकडूनही काढून घेत नाही. म्हणून हा मनुष्य कोण होता, त्याला कोणते काम नेमून दिले होते, आणि शेवटी त्याच्याकडून काय मागितले गेले, हे आपण क्रमाने पाहू.

गोविंदपंत मूळचे रत्नागिरीजवळच्या नेवरे गावचे कऱ्हाडे ब्राह्मण. घराण्याकडे कुळकर्ण होते. कोकणातल्या त्या लहानशा वतनातून उठून देशावर येणारी जी अनेक तरुण मंडळी पहिल्या बाजीरावांच्या आश्रयास आली, त्यांत हे एक. तरवारीच्या जोरावर वर आलेल्या शिंदे-होळकरांची जात वेगळी, आणि लेखणी, हिशेब व माणसांची पारख यांच्या जोरावर वर आलेल्या या मंडळींची वेगळी. पेशवाईत दोघांनाही घोड्यावर बसावे लागे; पण एकाचे घोडे रणात शोभे, तर दुसऱ्याचे मुलुखगिरीत.

१७२९ साली बुंदेलखंडाचा वृद्ध राजा छत्रसाल महंमदखान बंगशाच्या कचाट्यात सापडला असता बाजीराव त्याच्या मदतीस धावून गेले. बंगश जैतपुरात कोंडला गेला आणि पुन्हा या मुलुखात पाऊल न टाकण्याच्या करारावर सुटला. कृतज्ञ छत्रसालाने आपल्या राज्याचा तिसरा हिस्सा बाजीरावांना द्यावयाचे ठरवले. १७३१ साली तो निवर्तला. हा हिस्सा कागदावर मिळणे एक आणि हाती लागणे दुसरे. बुंदेल्यांच्या गढ्या जागोजाग होत्या. विंध्याद्रीचे जंगल, खोल नाल्यांनी चिरलेला मुलूख, प्रत्येक ठाकूर आपापल्या बुरुजावर राजा. हा मुलूख ताब्यात घ्यावयाचा, ठाणी बसवावयाची, वसूल आणावयाचा, आणि तोही पुण्यापासून इतक्या लांब अंतरावर राहून, असे हे काम होते. ते गोविंदपंतांवर सोपवण्यात आले.

त्यांनी ते केले, हे त्यांचे शत्रूही नाकारणार नाहीत. सागरच्या तळ्याकाठी उदनशहा या दांगी सरदाराने १६६० च्या सुमारास लहानसा किल्ला बांधून परकोटा नावाचे गाव वसवले होते. त्या जागी गोविंदपंतांनी आपले मुख्य ठाणे केले, आणि सागर हे शहर खऱ्या अर्थाने वाढले ते त्यानंतर. सागरपासून यमुनेकाठच्या काल्पीपर्यंत त्यांचा अंमल पसरला. पुढे १७५० नंतरच्या घडामोडींत दुआबातला, म्हणजे गंगा-यमुनांमधला, इटाव्याकडचा मुलूख मराठ्यांकडे आला. त्याचाही कारभार त्यांच्याकडे गेला. बुंदेलखंडात इतकी वर्षे घालवल्यामुळे खेर हे आडनाव मागे पडले, आणि बुंदेले हे नाव रूढ झाले. परक्या प्रांताचे नाव आडनाव होऊन बसावे, यापरते त्या प्रांतात मुरल्याचे दुसरे प्रमाणपत्र कोणते?

येथे मामलतीची रीत काय होती, हे थोडे समजून घेतले पाहिजे, कारण गोविंदपंतांवरील सारा खटला त्या रीतीतून निर्माण झाला आहे. मुलुखाचा मामला ज्याच्याकडे जाई, त्याने अंदाजी वसुलाचा काही भाग आधीच सरकारात भरावयाचा. याला रसद म्हणत. ही रक्कम तो सावकाराकडून व्याजाने काढी. मग हंगाम आला की रयतेकडून वसूल करून सावकाराचे देणे फेडी, शिबंदीचा पगार देई, आणि उरलेले सरकारात पाठवी. पीक बुडाले, लष्कर मुलुखावरून गेले, जमीनदार उलटला, तरी सावकाराचे व्याज थांबत नसे आणि पुण्याचा तगादाही थांबत नसे. अशा कारभारात हिशेब कधीच पूर्ण जुळत नाही. सरकारला नेहमी वाटते की मामलेदाराने पैसा दाबून ठेवला आहे, आणि मामलेदाराला वाटते की सरकारला आपली अडचण समजत नाही. पुष्कळदा दोघांचेही खरे असते.

गोविंदपंतांच्या बाबतीतही दोघांचेही थोडेथोडे खरे असावे. त्यांनी घराण्याची भर केली, यात शंका नाही. बाळाजी गोविंद आणि गंगाधर गोविंद हे त्यांचे मुलगे बापाच्या हाताखाली कारभारात शिरले, आणि बापामागे तो कारभार त्यांच्याच वंशात राहिला. जालौनची त्यांची संस्थानी गादी थेट १८४० पर्यंत टिकली. सरकारी मुलूख हळूहळू घरचा होत जावा ही पेशवाईतील सर्वत्र दिसणारी खोड त्यांना नव्हती, असे म्हणता येणार नाही. पुणे दरबाराला त्यांच्या हिशेबाचा संशय येई तो अगदीच निराधार नव्हता.

पण हिशेबातला संशय वेगळा आणि राष्ट्रघाताचा आरोप वेगळा. हे दोन वेगळे ठेवावयाचे तर १७५९ आणि १७६० ही दोन वर्षे नीट डोळ्यांसमोर आणली पाहिजेत.

१७५९ च्या पावसाळ्यापासून दत्ताजी शिंदे गंगाकाठी शुक्रतालला नजीबखान रोहिल्याला वेढून बसले होते. गंगा मध्ये असल्याने नजीबाची रसद तुटत नव्हती. तेव्हा पावसाळा ओसरताच नदी उतरून रोहिलखंडात शिरण्याचे काम गोविंदपंतांवर आले. ते गंगापार गेले, त्यांनी रोहिल्यांचा मुलूख जाळला-लुटला, आणि काही दिवस नजीबाच्या पिछाडीस धाक घातला. परंतु सुजाउद्दौल्याचे गोसावी सरदार अनूपगीर व उमरावगीर चालून येताच त्यांच्या फौजेची दाणादाण उडाली, आणि पुष्कळ माणसे गमावून त्यांना गंगा पुन्हा ओलांडावी लागली. हा धडा स्पष्ट होता. वसुलासाठी ठेवलेली शिबंदी ही रणातली फौज नव्हे, आणि तिचा म्हातारा नायक हा रणातला सेनापती नव्हे. पुणे दरबाराने हा धडा घेतला नाही. त्यानंतर लवकरच, १० जानेवारी १७६० रोजी, बुराडीच्या घाटावर दत्ताजी पडले, आणि अब्दालीने हिंदुस्थानात मुक्काम ठोकला.

मार्च १७६० मध्ये सदाशिवरावभाऊ परतूरहून निघाले. बरोबर मोठी फौज, जड तोफखाना, आणि त्यांच्यामागे बायकामुले व यात्रेकरू यांचा भला मोठा बुणगा. पेशव्यांचा खजिना मात्र कर्जाखाली वाकलेला. ही स्वारी उत्तरेच्या वसुलावर पोसली जाईल, हा हिशेब पहिल्या दिवसापासून गृहीत धरलेला होता. आणि उत्तरेचा वसूल म्हणजे मुख्यतः गोविंदपंत. म्हणून भाऊंच्या पत्रांमागून पत्रे त्यांना जाऊ लागली. पैसा पाठवा, इटाव्याजवळ नावा जमवून यमुनेवर पूल होईल असे करा, सुजाउद्दौल्याला अब्दालीकडे जाऊ देऊ नका, बुंदेल्यांना आणि जमीनदारांना सांभाळा. पत्रांचा स्वर आधी आर्जवाचा, मग तगाद्याचा, आणि शेवटी धमकीचा होत गेलेला दिसतो.

आता एकेक मागणी घेऊ.

पहिली मागणी पैशाची. गोविंदपंतांच्या उत्पन्नाचा मोठा भाग दुआबात होता, आणि १७६० च्या उन्हाळ्यात त्याच दुआबातली मराठी ठाणी शत्रू एकामागून एक उठवीत होता. इटावा, शिकोहाबाद, फफूंद हा प्रदेश हातचा गेला. ज्या गावांचा वसूल मागितला जात होता, त्या गावांत सरकारचा शिपाईच उरला नव्हता. बुंदेलखंडातले ठाकूर तर नेहमी वाऱ्याकडे पाहून कर देणारे. दिल्लीकडे काय होते ते कळल्यावाचून त्यांतला एकही थैली सोडणार नव्हता. अशा वेळी मामलेदाराच्या हाती उरते ते सावकाराचे दार, आणि तेही हळूहळू बंद होत जाते. भाऊंनी दिल्ली घेतली ती ऑगस्ट १७६० च्या आरंभी. तेथे त्यांना दिवाण-ए-खासचे रुप्याचे छत उतरवून त्याची नाणी पाडावी लागली. ज्या स्वारीला बादशाही छतापर्यंत हात घालावा लागतो, तिचे पोट एका मामलेदाराच्या हुंड्यांनी भरणार होते काय?

दुसरी मागणी नावांची. भाऊ चंबळेच्या पलीकडे पोहोचले तोच पावसाने गाठले. गंभीर नदीनेच फौजेला बरेच दिवस अडवून धरले, मग यमुनेची गोष्ट काय सांगावी! पूर चढल्यावर यमुनेवर पूल टिकत नाही. शिवाय ज्या काठावर नावा बांधावयाच्या, तो काठ शत्रूच्या स्वारांखाली होता. पूल झाला नाही, हे खरे. तो कोणाच्याने झाला असता, हा प्रश्न पत्रे वाचताना कोणी विचारत नाही.

तिसरी मागणी सुजाउद्दौल्याची. अयोध्येचा हा नवाब कोणीकडे जाणार यावर पुष्कळ काही अवलंबून होते. त्याला वळवण्यासाठी खुद्द नजीबखान त्याच्याकडे मेहंदीघाटावर गेला, आणि जुलै १७६० मध्ये सुजा अब्दालीला जाऊन मिळाला. एवढ्या मोठ्या नवाबाला अडवावयाचे तर त्याच्या सरहद्दीवर जबर फौज हवी होती. गोविंदपंतांच्या शिबंदीला सुजाचे गोसावी काय करू शकतात, हे आदल्याच वर्षी दिसून चुकले होते. ज्या माणसाचा त्या फौजेने पराभव केला, त्याच माणसाला त्या फौजेच्या धन्याला अडवण्याचे काम दिले होते.

चौथी मागणी मात्र वेगळी होती. ऑक्टोबरच्या अखेरीस अब्दालीने बाघपतजवळ यमुना ओलांडली, आणि दोन्ही फौजा पानिपतावर समोरासमोर तळ ठोकून बसल्या. आता प्रश्न होता तो धान्याचा. अब्दालीची रसद यमुनेपलीकडच्या दुआबातून, रोहिल्यांच्या मुलुखातून येत होती. ती तोडा, असा हुकूम गोविंदपंतांना झाला. आणि हा हुकूम त्यांनी मानला. आपली दहाबारा हजारांची हलकी, कच्ची स्वारसेना घेऊन ते दुआबात शिरले, आणि दिल्लीसमोरच्या शाहदऱ्यावरून गाझियाबादेच्या उत्तरेस गेले. अब्दालीच्या छावणीत धान्याची तूट पडू लागली, भाव चढले. घोड्यावर धड बसताही न येणारा एक वृद्ध, जाडजूड कारभारी शत्रूच्या पाठीशी जाऊन त्याच्या भाकरीला हात घालीत होता. पानिपतच्या साऱ्या मोहिमेत अब्दालीच्या पोटाला चिमटा बसला असेल तर तो या दिवसांत.

अब्दालीलाही ते कळले. त्याने अताईखान नावाच्या सरदाराला निवडक स्वार देऊन रवाना केले. हे स्वार रातोरात यमुना उतरून धावले, आणि डिसेंबर १७६० च्या उत्तरार्धात त्यांनी गोविंदपंतांच्या गाफील तळावर झडप घातली. अफगाणी फौज इतक्या दुरून इतक्या त्वरेने येईल अशी कल्पना कोणास नव्हती. तळ फुटला. सुजाउद्दौल्याच्या पदरी असलेला काशीराज पंडित या लढाईच्या काळी अब्दालीच्या बाजूच्या छावणीत होता. त्याने लिहिले आहे की पळून जाण्याच्या प्रयत्नात हा म्हातारा, घोड्यावर न सरावलेला गृहस्थ खाली घसरला, पाठलाग करणाऱ्यांच्या हाती सापडला, आणि त्यांनी त्याचे डोके कापून नेले. ते शिर पुढे भाऊंकडे पाठवण्यात आले. ज्याच्याकडून पैसा यावयाचा, त्याचे डोके आले.

त्यानंतर मराठ्यांच्या छावणीत काय झाले ते आपणा सर्वांस ठाऊक आहे. अब्दालीची रसद मोकळी झाली, आणि मराठ्यांची मात्र आवळत गेली. दिल्लीहून नारो शंकरांनी पाठवलेला पैसा घेऊन येणारी एक तुकडी अंधारात वाट चुकली आणि थेट अफगाणांच्या तळावर जाऊन मारली गेली. १४ जानेवारी १७६१ रोजी उपाशी फौज लढण्यास बाहेर पडली. गोविंदपंतांचे मरण आणि हा दिवस यांत एका महिन्याचेही अंतर नव्हते. त्यांच्या जिवंतपणी आलेल्या तक्रारींहून त्यांच्या मरणाने झालेली हानी अधिक बोलकी आहे. बिनकामाचा माणूस मेला तर शत्रूची रसद मोकळी होत नाही.

सरहद्दीवरच्या अधिकाऱ्याची ही अवस्था आपल्याकडेच होती असे नाही. त्याच्या आधीच्या शतकातले एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. युरोपच्या उत्तरेस स्वीडन म्हणून जो देश आहे, त्याने त्या काळी तीस वर्षांच्या युद्धात मोठा पराक्रम गाजवला. त्या युद्धात योहान प्रिंट्स नावाचा एक स्वीडिश लष्करी अधिकारी होता. १६४० साली केम्नित्स हे शहर त्याला शत्रूच्या हवाली करावे लागले. त्याबद्दल त्याची चौकशी झाली, आणि त्याला सेवेतून काढण्यात आले. पण दोनच वर्षांनी त्याच दरबाराने त्याला अमेरिकेत डेलावेअर नदीकाठी वसवलेल्या ‘नवे स्वीडन’ या छोट्या वसाहतीचा गव्हर्नर नेमले. १६४३ मध्ये तो तेथे पोहोचला. तोही अंगाने प्रचंड होता. तोही वर्षानुवर्षे मायदेशी लिहीत राहिला की माणसे पाठवा, जहाजे पाठवा, माल पाठवा. युद्धात गुंतलेल्या स्टॉकहोमला त्या मूठभर वसाहतीसाठी सवड नव्हती. मदतीचे एक जहाज निघाले ते १६४९ मध्ये वाटेतच फुटले. वसाहतवाल्यांनी प्रिंट्सच्या कडक अंमलाविरुद्ध तक्रारी केल्या, आणि १६५३ मध्ये कंटाळून तो स्वतःच परत गेला. दोनच वर्षांत डचांनी ती वसाहत गिळली. पुढे १६५८ साली स्वीडनने प्रिंट्सला आपल्याच देशातल्या यन्शपिंग प्रांताचा गव्हर्नर केले.

या दोन चरित्रांतले साम्य उघड आहे, आणि भेदही. डेलावेअरची पत्रे राजधानीकडे जात होती आणि मदत मागत होती. यमुनेची पत्रे छावणीकडून येत होती आणि मदत मागत होती. स्टॉकहोमने सरहद्दीला उपाशी ठेवले. पुण्याने आपल्या युद्धाची भूक सरहद्दीवर ढकलली. दोन्ही ठिकाणी अपयशाची जबाबदारी लिहिली गेली ती सरहद्दीवरच्या माणसाच्या नावावर. पण प्रिंट्सची चौकशी त्याच्या हयातीत झाली. त्याने आपली बाजू मांडली, आणि पुन्हा काम करून दाखवण्याची संधी त्याला मिळाली. गोविंदपंतांची चौकशी झाली ती मरणानंतर एकशे सदतीस वर्षांनी, छापील पानांवर, आणि तीही मुख्यतः तगादा लावणाऱ्याच्या पत्रांवरून.

पत्रांचा हा एक विलक्षण गुण आहे, तसाच दोषही. पत्र मागणाऱ्याची निकड जशीच्या तशी जपून ठेवते. पण ती मागणी पुरी करण्यासाठी दुसऱ्याने केलेली धावपळ, सावकारांच्या दारांतले हेलपाटे, पुरात वाहून गेलेल्या होड्या, उठून गेलेली ठाणी हे सारे कागदाच्या बाहेर राहते. पुढे १९३० नंतर गोविंद सखाराम सरदेसायांच्या संपादकत्वाखाली पेशवे दप्तराचे पंचेचाळीस खंड प्रसिद्ध झाले. त्यानंतर पानिपतचा दोष कोणा एका माणसाच्या माथी मारणे अवघड होऊन बसले, ते याचसाठी. जितके कागद अधिक, तितका एकट्या माणसाचा अपराध लहान दिसू लागतो आणि रीतीचा अपराध मोठा.

माझ्या मते गोविंदपंतांच्या खात्यावर दोष आहेत ते असे. त्यांनी मुलूख घरचा केला, त्यांचा हिशेब स्वच्छ नव्हता, त्यांची फौज कच्ची होती, आणि शेवटच्या रात्री त्यांचा पहारा ढिला होता. आणि जमेच्या बाजूला हे. परक्या, दुर्गम मुलुखात त्यांनी तीस वर्षे मराठी अंमल उभा ठेवला, शहर वसवले, आणि जे काम त्यांच्या वयाला, देहाला, सवयीला झेपणारे नव्हते त्या कामावर, हुकूम होताच, ते निघाले व त्यातच मेले. विश्वासघातकी माणूस बिछान्यावर मरतो. शत्रूची रसद तोडीत घोड्यावरून पडून मरत नाही.

या ताळेबंदात आणखी एक रकाना आहे, आणि तो आजवर रिकामाच राहिला आहे. पुण्याने मागितलेला आणि सागरने गोळा केलेला प्रत्येक रुपया शेवटी कोणाच्या घरून येत होता? तो येत होता बुंदेलखंडातल्या कुणब्याच्या आणि नर्मदाकाठच्या गोंडाच्या घरून. त्यांची पत्रे कोणत्याही दप्तरात नाहीत. मराठी पराक्रमाचा अभिमान बाळगताना नरहरशहाचे राज्य गेले ते याच पराक्रमाने, हे विसरता कामा नये. विशेषतः जबलपुरात राहणाऱ्या मराठी माणसाने तर नाहीच. आपण ज्या घरात पाहुणे म्हणून आलो आणि घरचे होऊन बसलो, त्या घराचा मूळ धनी कोण होता याची आठवण ठेवणे हा केवळ शिष्टाचार नव्हे; तो इतिहासाचाच भाग आहे.

पुढे १७९८ च्या सुमारास जबलपूर व मंडला हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांकडे गेला. १९ डिसेंबर १८१७ रोजी जनरल हार्डीमन या इंग्रज सेनापतीने जबलपुराजवळ भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला, आणि पुढच्याच वर्षी सागरही इंग्रजांकडे गेले. इंग्रजांनी या दोन्ही मुलुखांचा मिळून ‘सागर-नर्मदा प्रदेश’ बनवला, आणि त्याचे मुख्य ठाणे म्हणून जबलपूरच कायम ठेवले. नावे बदलली, झेंडे बदलले, पण कारभाराची जागा मराठ्यांनी निवडली तीच राहिली.

आज ओमतीच्या गर्दीतून जाणाऱ्या माणसाला यातले काही दिसत नाही, आणि दिसावे असा हट्टही नाही. मात्र एखाद्या संध्याकाळी पानिपतची गोष्ट निघाली आणि कोणी सहज म्हणाले, “तो गोविंदपंत बुंदेला, त्याने पैसा वेळेवर पाठवला असता तर!”, तर त्याला एवढेच विचारावे की पैसा कोठून आला असता? त्या एका प्रश्नाने एका मेलेल्या माणसाला थोडा न्याय मिळेल. आणि ज्यांच्या घरून तो पैसा येत होता, त्यांचीही आठवण होईल.